रशियन बोलण्यातल्या उक्ती: नाटकात त्या मुळात कोणाच्या तोंडी होत्या?

नेवाकाठ

“सुखी माणसे घड्याळ पाहत नाहीत” हे वाक्य रशियात लग्नाच्या शुभेच्छापत्रांवर छापतात, भेटीला उशिरा पोहोचलेल्या मित्राला ऐकवतात, आणि ते म्हणणाऱ्या पुष्कळांना ती आजी-पणजीपासून चालत आलेली म्हण वाटते. प्रत्यक्षात ते अलेक्सांद्र ग्रिबोयेदोवच्या ‘गोरे अत उमा’ या १८२४ साली पूर्ण झालेल्या पद्यनाटकाच्या पहिल्या अंकात येते. नावाचा अर्थ ढोबळपणे ‘बुद्धीपायी ओढवलेले दुःख’. गेली पंधरा-सोळा वर्षे मी रशियन कागदपत्रांच्या भाषांतराचे काम करते, आणि या काळात एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा जाणवली. नाटकातली ओळ कोणाच्या तोंडी होती हे लोक विसरतात तेव्हाच तिची म्हण होते. आणि ते तोंड पुन्हा आठवले की ओळीचा अर्थ बहुतेक वेळा पालटतो. हा धागा त्यासाठीच काढला आहे.

घड्याळाचीच ओळ पाहा. मॉस्कोतील बडा सरकारी अधिकारी फामुसोव याची मुलगी सोफिया हिने सबंध रात्र वडिलांच्याच चिटणिसाबरोबर, मोल्चालिनबरोबर, काढली आहे आणि खोलीतून बासरी-पियानोचे सूर येत आहेत. बाहेर मोलकरीण लीझा खुर्चीत अवघडून रात्रभर पहाऱ्याला बसली आहे. उजाडते, तरी आतली मंडळी हाकांना दाद देत नाहीत. शेवटी दोघे बाहेर येतात तेव्हा ती काकुळतीने सांगते की घड्याळाकडे बघा, खिडकीबाहेर बघा, रस्त्यावर केव्हाची वर्दळ सुरू झाली आहे, घरात झाडलोट चालली आहे. त्यावर सोफिया म्हणते, “श्चस्लीवये चसोव न्ये नब्ल्युदायुत.” सुखी माणसे घड्याळ पाहत नाहीत. पुढच्याच दोन ओळींत लीझा उत्तर देते की नका पाहू, तुमची मर्जी, पण तुमच्याबद्दल जाब मात्र मलाच द्यावा लागेल. शुभेच्छापत्रावर सोफियाची ओळ राहिली आणि लीझाची गळाली. ज्यांच्या सुखासाठी दुसरे कोणी जागत असते त्यांनाच घड्याळ न पाहणे परवडते, हा त्या दृश्याचा अर्थ तिच्याबरोबर गेला.

या एका नाटकाने रशियन भाषेला जितक्या उक्ती दिल्या तितक्या क्वचितच दुसऱ्या एखाद्या कृतीने दिल्या असतील. ती छापली जाण्याआधीच लोकांच्या तोंडी बसली होती, हे त्याचे एक कारण आहे. सेन्सॉरने नाटक अडवून धरले होते. १८२५ च्या एका वार्षिकांकात काही भाग आला, काटछाट केलेली आवृत्ती १८३३ मध्ये निघाली आणि रशियात संपूर्ण संहिता छापली जायला १८६२ साल उजाडले. तोपर्यंत नाटक हस्तलिखित नकलांमधून फिरत राहिले. लेखक स्वतः १८२९ मध्ये तेहरानमध्ये रशियन दूतावासावर जमाव चालून आला तेव्हा मारला गेला. आपले नाटक पूर्ण छापलेले त्याने पाहिलेच नाही. दुसरे कारण छंदात आहे. ग्रिबोयेदोवने सर्व ओळी समान लांबीच्या ठेवल्या नाहीत. कधी सहा गणांची ओळ, कधी दोन-तीन गणांची, कधी एकच शब्द, आणि सगळीकडे यमक. बोलण्याच्या ओघातच वाक्य ओळीबरोबर संपते, त्यामुळे ते सहज सुटे होते आणि यमकामुळे लक्षात राहते.

कवी पुश्किनने हे फार लवकर ओळखले. जानेवारी १८२५ मध्ये तो मिखाइलोव्स्कोये या आपल्या गावी नजरकैदेसारख्या स्थितीत होता. ११ जानेवारीला शाळकरी मित्र पुश्चिन त्याला भेटायला आला, आणि येताना या नाटकाची हस्तलिखित प्रत घेऊन आला. पुश्किन मोठ्याने वाचू लागला. तेवढ्यात त्याच्यावर लक्ष ठेवणारा जवळच्या मठाचा महंत दारात आला, आणि पुश्किनने घाईघाईने टेबलावर संतचरित्रांचा ग्रंथ उघडून ठेवला. त्याच महिन्याच्या अखेरीस बेस्तूझेव या लेखकमित्राला पाठवलेल्या पत्रात त्याने लिहिले की पद्याविषयी मी बोलतच नाही, त्यातल्या निम्म्या ओळी म्हणी व्हायला हव्यात. तसेच झाले.

“दुष्ट जिभा पिस्तुलाहून भयंकर” ही आज निंदेविरुद्ध दिली जाणारी शहाणपणाची शिकवण आहे. पण नाटकात ती मोल्चालिनच्या तोंडी आहे, ज्याला निंदेपेक्षा आपली नोकरी आणि साहेबांची मर्जी जाईल याची धास्ती आहे. “नोकरी आनंदाने करीन, हुजरेगिरीची मात्र किळस येते” हे चात्स्की या नायकाचे वाक्य. रशियनमध्ये ‘स्लुझीत’ आणि ‘प्रिस्लूझिवात्सा’ हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून आले असल्याने त्याला जी धार आहे ती मराठीत आणणे मला आजवर जमलेले नाही. नाटकाचा शेवट तर विलक्षण आहे. मुलीचे गुपित फुटले, घराची अब्रू गेली, चात्स्की गाडी मागवून कायमचा निघून गेला, आणि फामुसोवच्या तोंडून शेवटचे वाक्य येते, “अरे देवा, आता राजकुमारी मार्या अलेक्सेव्हना काय म्हणेल!” ही मार्या अलेक्सेव्हना रंगमंचावर एकदाही येत नाही. ‘चार लोक काय म्हणतील’ या आपल्याकडच्या भीतीला रशियन भाषेने असे नाव आणि वडिलांचे नाव देऊन कायमचे घर दिले आहे.

मात्र नाटकातली प्रत्येक प्रसिद्ध ओळ ग्रिबोयेदोवची नाही. “मातृभूमीचा धूरही आम्हाला गोड वाटतो” असे चात्स्की म्हणतो तेव्हा तो देर्झाविनच्या १७९८ च्या कवितेतली ओळ किंचित फिरवून उद्धृत करत असतो, आणि त्याही मागे होमर आहे. आपल्या बेटावरून उठणारा धूर तरी दिसावा म्हणून तळमळणारा ओडिसियस तिथे भेटतो. गंमत म्हणजे रशियन लोक अशा उक्तींना ‘क्रिलातिये स्लवा’, म्हणजे पंख असलेले शब्द, म्हणतात. ती संज्ञासुद्धा होमरचीच आहे.

फोनविझिनच्या १७८२ च्या ‘निदोरस्ल’ या नाटकातले “मला शिकायचे नाही, लग्न करायचे आहे” आजही आळशी मुलांना ऐकवतात, आणि ते म्हणणारा मित्रोफान हा तर सामान्यनामच झाला आहे. त्याविषयी अधिक सांगण्यासारखे नाही. गोगोलवर मात्र थांबावेसे वाटते. १८३६ च्या ‘रेविझोर’ (‘तपासनीस’) या नाटकातले “आपल्याकडे तपासनीस येतो आहे” हे वाक्य सर्वांना ठाऊक आहे. माझे आवडते वाक्य लहान आहे. पहिल्या अंकात नगराधिकारी एका पोलिसाला झापतो. चेर्न्यायेव नावाच्या व्यापाऱ्याने त्याला गणवेशासाठी दोन अर्शिन, म्हणजे जेमतेम दीड मीटरभर, कापड देऊ केले होते आणि या पठ्ठ्याने सगळा तागाच लांबवला. त्यावर साहेब म्हणतात, “सांभाळ! हुद्द्याला शोभेल त्याहून जास्त घेतोस!” घेतलेस का, असे तो विचारत नाही. रशियन वृत्तपत्रांत लाचखोरीच्या बातमीवर “न्ये पा चीनू बिर्योश” हा मथळा मी अनेकदा पाहिला आहे. तिथे ते निषेधाचे वाक्य म्हणून येते; गोगोलकडे मात्र ती लाचेची रीतसर नियमावली आहे.

जाणकारांनी भर घालावी.


सायली_नाशिक

लीझाच्या उत्तराने मन धरून ठेवले. रशियन येत नाही, म्हणून विचारते: त्या दोन ओळींचे यमकासह मराठी होऊ शकेल का? गद्यात सांगितल्यावर अर्थ कळला, पण सोफियाची ओळ टिकली आणि हिची का टिकली नाही हे ऐकून समजून घ्यायचे आहे.


रंगपीठ

सुंदर धागा. नाटकाइतकाच संगीतिकेचा वाटा आहे, आणि तिथे ओळीचे नुसते तोंडच नव्हे तर शब्दही बदलले जातात. “प्रेमापुढे सर्व वये नमतात” ही ओळ कोणत्याही वयाच्या प्रेमाचे समर्थन म्हणून वापरली जाते. ती पुश्किनच्या ‘येवगेनी अनेगिन’ या पद्यकादंबरीतली आहे हे खरे, पण पुश्किन तिथे थांबत नाही. तो पुढे म्हणतो की कोवळ्या हृदयांना प्रेमाची वादळे वसंतातल्या पावसासारखी हितकर असतात, उतारवयात मात्र त्या वासनेची मृत खूण केवळ खिन्न करते. म्हणजे त्याचे म्हणणे जवळजवळ उलटे आहे. १८७९ मध्ये तिच्यावर आधारलेली चायकोव्स्कीची संगीतिका मॉस्कोत रंगमंचावर आली. तिच्यात ग्रेमिन हा वयस्क सेनापती आपल्या तरुण पत्नीविषयीचे प्रेम खर्जात गातो, आणि त्या गाण्यात प्रेमाची स्पंदने तरुणाला आणि पिकल्या केसांच्या योद्ध्यालाही सारखीच हितकर ठरतात. लोकांच्या कानात बसला तो ग्रेमिन. आज ही ओळ म्हणणारा पुश्किनचे नाव घेतो आणि चायकोव्स्कीचा अर्थ सांगतो.

त्याहून ठळक उदाहरण “आपले जीवन म्हणजे काय? जुगार!” याचे आहे. हे वाक्य पुश्किनच्या ‘हुकुमाची राणी’ या कथेतले म्हणून सर्रास सांगितले जाते, पण कथेत ते कोठेही नाही. ते त्या कथेवरच्या १८९० च्या चायकोव्स्कीच्या संगीतिकेत आहे आणि तिची संहिता संगीतकाराचा भाऊ मोदेस्त चायकोव्स्की याने लिहिली. नायक गेर्मान वेडाच्या उंबरठ्यावर, जुगाराच्या टेबलाशी ते गातो, आणि थोड्याच वेळात सर्वस्व हरतो.

अनुवादांनीही अशीच भर घातली. १८३७ मध्ये मॉस्कोत मोचालोव या नटाने पोलेवोयच्या अनुवादातला हॅम्लेट उभा केला. आईला फैलावर घेण्याच्या प्रवेशात तो म्हणे, “भय वाटते, माणसाविषयी भय वाटते मला!” हे वाक्य रशियन भाषेत रूढ झाले, पण शेक्सपिअरने ते लिहिलेलेच नाही; ते पोलेवोयने पदरचे घातले होते. बेलिन्स्कीसारखा समीक्षक मोचालोवच्या या भूमिकेवर किती भारावून लिहितो हे वाचले की कळते, प्रेक्षकांनी ते वाक्य घरी नेले ते त्या नटाच्या आवाजासकट. तिसरा रिचर्डही तिथे घोड्यासाठी अर्धेच राज्य देऊ करतो, मूळ नाटकात तो सगळे देतो. रशियन लोककथांमध्ये राजा बक्षीस म्हणून अर्धे राज्य देतो, तो संस्कार अनुवादात उतरला असावा असे मला वाटते.


पिंपळपार

उक्तींचा विषय निघाला असता बोधकथाकार क्रिलोवला वगळता येणार नाही, आणि त्याच्या बाबतीत धाग्याचे दुसरे टोक आपल्या अंगणात येते. रशियनमध्ये ‘अस्वलाची सेवा’ म्हणजे मदत करण्याच्या नादात केलेला घात. हे शब्द क्रिलोवच्या ‘संन्यासी आणि अस्वल’ या १८०८ च्या बोधकथेवरून आले, जरी कथेत ते या रूपात नाहीत. संन्यासी झोपला आहे, अस्वल माश्या हाकलते आहे. माशी नाकावरून गालावर, गालावरून कपाळावर बसते. शेवटी अस्वल एक धोंडा उचलते, दबा धरते आणि कपाळावरच्या माशीवर नेम धरून मारते. कथेच्या आरंभीची “सेवातत्पर मूर्ख हा शत्रूहून घातक” ही ओळही स्वतंत्र म्हण झाली आहे.

क्रिलोवने ही कथा फ्रेंच बोधकथाकार ला फोंतेनकडून घेतली, आणि ला फोंतेनने १६७८ च्या संग्रहाच्या प्रस्तावनेत आपण ‘पिल्पे या भारतीय ज्ञान्याचे’ ऋणी असल्याचे स्वच्छ सांगितले आहे. पिल्पे म्हणजे ‘कलीला व दिम्ना’ या अरबी रूपांतराच्या वाटेने युरोपात पोहोचलेले आपले पंचतंत्र. तिथे अस्वलाच्या जागी राजाचा सेवक वानर आहे आणि धोंड्याच्या जागी तलवार. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले होते त्यांना ‘पण्डितोऽपि वरं शत्रुर्न मूर्खो हितकारकः’ हा श्लोक पाठ असेल. त्याची ही पहिली ओळ क्रिलोवच्या ओळीशेजारी ठेवून पाहावी. मी पहिल्यांदा तसे केले तेव्हा बराच वेळ त्या दोन ओळींकडे पाहत बसलो होतो. इतक्या भाषा ओलांडून आल्यावरही वाक्याचा कणा मोडलेला नाही.


अक्षरधन

एक शंका विचारतो. लेखकाने म्हण निर्माण केली की लोकांतली म्हण उचलली, हे कसे ठरवायचे? ऑस्त्रोव्स्कीच्या नाटकांची नावेच पाहा: ‘दुसऱ्याच्या घसरगाडीत बसू नकोस’, ‘गरिबी हा दोष नव्हे’, ‘आपलीच माणसे, हिशेब करून घेऊ’. या तर उघड लोकोक्ती वाटतात.


नेवाकाठ

अक्षरधन, शंका रास्त आहे. ऑस्त्रोव्स्कीने बाजारपेठेतल्या, व्यापारी घरांतल्या म्हणी जाणूनबुजून शीर्षकांसाठी घेतल्या, त्यामुळे तिथे प्रवाह उलटा आहे. गोगोलच्या ‘रेविझोर’ च्या आरंभी असलेले “तोंड वाकडे असेल तर आरशाला दोष देऊ नये” हेही लोकांचे. त्याने ते १८४२ च्या आवृत्तीत घातले आणि स्वतः त्याखाली ‘लोकोक्ती’ असे लिहिले.

व्लादीमिर दाल याने १८६० च्या दशकाच्या आरंभी तीस हजारांहून अधिक रशियन म्हणी छापल्या, तेव्हा त्याच्यापुढे नेमका हाच पेच होता. त्याने क्रिलोव आणि ग्रिबोयेदोव यांच्या ओळींपैकी ज्या लोकांच्या बोलण्यात म्हणी म्हणून स्वतः ऐकल्या तेवढ्याच घेतल्या. ही कसोटी मला पटते. ओळ कोणी लिहिली यापेक्षा ती पुस्तकातून निघून एकटी फिरू लागली का, हे तो पाहत होता.

पिंपळपार यांच्या प्रतिसादासाठी मनापासून आभार. अस्वलापासून वानरापर्यंतचा दुवा मला ठाऊक होता, पण श्लोक शेजारी ठेवून मी कधी वाचला नव्हता.


बर्फवाट

मी ऐंशीच्या दशकात सोव्हिएत संघात अभियांत्रिकी शिकलो. आमच्या वसतिगृहाच्या वाचनकक्षात भिंतीवर दोन फलक होते. एकावर चेखवचे वाक्य: “माणसाचे सर्व काही सुंदर असावे: चेहरा, कपडे, मन आणि विचार.” दुसऱ्यावर गोर्कीचे: “माणूस! केवढा अभिमानास्पद शब्द!” लाल पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरे होती आणि खिडकीकडचा कोपरा ओलीने फुगला होता. पहिल्या वर्षी भाषेच्या तासाला मी चेखवचे वाक्य निबंधात घातले. आमच्या बाईंनी त्याखाली लाल पेन्सिलीने एवढेच लिहिले: “पुढचे वाक्य वाच.”

वाचले. ‘वान्या मामा’ च्या दुसऱ्या अंकात, रात्री, दारू प्यालेला डॉक्टर आस्त्रोव हे सोन्याला सांगतो. विषय आहे प्राध्यापकांची देखणी पत्नी येलेना. पुढची वाक्ये अशी की ती सुंदर आहे यात वाद नाही, पण ती नुसती खाते, झोपते, फिरते, आपल्या रूपाने आम्हा सर्वांना भारून टाकते आणि आणखी काही नाही. तिच्यावर कसलीही जबाबदारी नाही, तिच्यासाठी दुसरे लोक राबतात. आणि हे सर्व तो ऐकवतो कोणाला, तर सोन्याला. ती रूपाने साधी आहे, दिवसभर राबते, आणि याच डॉक्टरवर मुकाट प्रेम करते. फलकावर या प्रसंगाचा मागमूस नव्हता.

गोर्कीचे वाक्य ‘तळागाळात’ या १९०२ च्या नाटकाच्या शेवटच्या अंकातले. बोलणारा सातिन हा पत्त्यांत लबाडी करणारा, तुरुंगात राहून आलेला माणूस, धर्मशाळेवजा तळघरात दारूच्या बैठकीत हे बोलतो, आणि लगेच बॅरनला म्हणतो की माणसासाठी पिऊ या. धागाकर्तीच्या म्हणण्याला दुजोरा देऊनही एक भर घालतो: इथे तोंड आठवल्याने वाक्य लहान होत नाही, मोठे होते. ज्याच्याजवळ अभिमान बाळगण्यासारखे काहीही उरलेले नाही तो ते बोलतो, म्हणून ते मला फलकापेक्षा तळघरात अधिक खरे वाटते.

मॉस्को आर्ट थिएटरात १८९९ मध्ये आस्त्रोव आणि १९०२ मध्ये सातिन या दोन्ही भूमिका स्तानिस्लाव्स्कीनेच केल्या. आमच्या भिंतीवरची दोन्ही वाक्ये एकाच नटाच्या तोंडून मॉस्कोने ऐकली होती.


रंगपीठ

बर्फवाट, ही जोडी माझ्या लक्षात आली नव्हती. त्याच थिएटरात पुढे १९३० पासून बुल्गाकोव साहाय्यक दिग्दर्शक होता, आणि त्याच्या ‘मास्टर आणि मार्गारीता’ मधल्या रूढ झालेल्या उक्तींमध्येही रंगभूमी आहे. नाट्यगृहाच्या उपाहारगृहाचा चालक सैतानाकडे तक्रार घेऊन जातो आणि सांगतो की मासा ‘दुसऱ्या ताजेपणाचा’ पाठवला होता. सैतान त्याला समजावतो की ताजेपणा एकच असतो, पहिला, आणि तोच शेवटचा. मासा दुसऱ्या ताजेपणाचा असेल तर तो सडलेला आहे. १९४० मध्ये वारलेल्या लेखकाची ही कादंबरी १९६६-६७ मध्ये मासिकातून, तीही कात्री लागून, छापली गेली, आणि ‘दुसऱ्या ताजेपणाचा’ हे शब्द शिळ्या बातमीपासून शिळ्या विचारापर्यंत सगळ्याला लागू लागले. इथे मात्र लोकांनी अर्थ हरवला नाही. बहुधा रोजच्या दुकानात तो मासा भेटत असल्यामुळे.


अक्षरधन

‘रेविझोर’ वरून आठवले: पु. ल. देशपांडे यांचे ‘अंमलदार’ हे याच नाटकाचे रूपांतर आहे. शेवटी नगराधिकारी प्रेक्षकांकडे वळून “कोणाला हसता?” म्हणतो, ते मूळ शब्द तसेच आहेत का?


नेवाकाठ

नाहीत, आणि हे छान उदाहरण आहे. संहितेत तो विचारतो, “कशाला हसता? स्वतःलाच हसता आहात!” लोकांच्या तोंडी मात्र ते “कोणाला हसता?” असे झाले आहे, आणि मला वाटते लोकांनी ते सुधारले आहे, कारण उत्तर ‘स्वतःला’ असेल तर प्रश्न ‘कोणाला’ असाच हवा.

सायलीताई, तुमच्या प्रश्नावर दोन संध्याकाळी घालवल्या. सोफियाची ओळ एका दमात पूर्ण होते, तिला मागचे-पुढचे काही लागत नाही. लीझाच्या ओळींत ‘तुमच्याबद्दल’ आणि ‘मला’ आहे, म्हणजे त्या उच्चारायला समोर मालकीण उभी असावी लागते. म्हणून त्या सुट्या होऊ शकल्या नाहीत. यमक सांभाळताना मूळ छंद सुटला आहे, तरी जमले ते असे:

सोफिया: सुखात असती जे, ते घड्याळ ना पाहती.
लीझा: नका पाहू, बाईसाहेब, मर्जी तुमच्या हाती;
जाब विचारतील तेव्हा मार माझ्या माथी.